तेरा मीटर कमी

चाचा, आपल्या धावण्याच्या मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. मंडळाला पन्नास वर्षं होतायत, स्मरणिका काढायची आहे, आणि मी वाचनालयात काम करते म्हणजे मला लिहिता येणारच, असा कमिटीचा समज. पुस्तकं देणं-घेणं आणि लिहिणं यात फरक असतो हे मी सांगून पाहिलं, पण तेवढ्यात चहा आला आणि विषय संपला. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तुमच्याशी बोलायची मला सवय नाही. तुम्ही होतात तेव्हाही आपलं बोलणं म्हणजे तुमचं "आनखी एक फेरी" आणि माझं "हो चाचा". त्यामुळे हे लिहितानाही अवघडल्यासारखं होतंय, पण इतिहासात जे घालता येत नाही ते कुठेतरी उतरवावं म्हणून बसले आहे.

सुरुवातीची पानं सोपी गेली. बस स्टँडच्या रस्त्यावर तुमचं टेलरिंगचं दुकान, त्यात तुम्ही, एक पोस्टमन आणि कापसाच्या जिनिंगमधला एक मुकादम. तिघांनाही धावायचं वेड, आणि गावात धावायला जागा नाही. मग बाजाराच्या पटांगणावर गुरुवार सोडून बाकीचे दिवस धावायचं ठरलं. गुरुवारी बाजार, शुक्रवारी सकाळी शेण आणि कोबीची पानं उचलायची, मग सराव. फेरी आखायला टेप नव्हता. तुम्ही अंबाडीचा दोर वळून घेतलात, समोरच्या कापड दुकानातली लोखंडी मीटरपट्टी मागून आणलीत आणि एकेक मीटर मोजत पन्नास मीटरचा दोर केलात. दर दहा मीटरला तांबड्या कापडाची चिंधी शिवली होती, गाठ मारली नव्हती, कारण गाठीत माप जातं असं तुमचं म्हणणं. दर वर्षी दिवाळीनंतर तो दोर माळ्यावरून निघायचा. वर्षभर वेटोळं होऊन पडलेला, सरळच राहायचा नाही. म्हणून आदल्या दिवशी तुम्ही तो दुकानामागच्या टाक्यात भिजत घालायचात. सकाळी ओला, जड, सरळ झालेला दोर मैदानावर पसरायचा आणि त्याच्या कडेने आम्ही चुन्याची फक्की टाकायची. पांढऱ्या हातांनी घरी गेलं की आई ओरडायची.

मी पंधरा वर्षांची होते तेव्हा आले. बाबा बाजार समितीत हमाल होते. मुलीने चड्डी घालून गावभर पळायचं हे त्यांना पटणं शक्य नव्हतं, आणि तुम्ही त्यांना पटवायला गेलाच नाहीत. एका गिऱ्हाइकाच्या सूटमधून उरलेल्या करड्या कापडाची तुम्ही माझ्यासाठी पायघोळ पँट शिवलीत आणि बाबांच्या हातात दिलीत. "पाह्य, घोटा दिसते काय?" एवढंच विचारलंत. बाबांनी पँट उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "शिलाई मजबूत हाये." झाली परवानगी. ती पँट उन्हाळ्यात इतकी तापायची की फेरी संपल्यावर पायांना घामोळं यायचं, पण मला तिचा अभिमान होता. मापाचे कपडे मला तोवर कुणी शिवले नव्हते.

आठशे मीटर माझं अंतर. म्हणजे दोन फेऱ्या. तुम्ही पहाटेची फजरची नमाज झाली की तसेच मैदानावर यायचात, टोपी खिशात, स्टॉपवॉच गळ्यात. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मी दोन मिनिटं पंचवीसमध्ये आले आणि तुम्ही घड्याळ माझ्यापुढे धरून म्हणालात, "हे राज्याले जाते." दुकानात भिंतीवर विक्रमांचा फळा होता, काळा, पांढऱ्या रंगाने लिहिलेला. त्या संध्याकाळी तुम्ही स्टुलावर चढून माझं नाव लिहिलंत. खाली रस्त्यावर उभी राहून मी ते तीन वेळा वाचलं.

मग अमरावती. आपण तेव्हा अकोला जिल्ह्यात होतो, विभागीय स्पर्धा अमरावतीला. पहाटेची एसटी, तुमच्या घरून अम्मींनी दिलेले पराठे, आणि तिथलं ते मोठं मैदान. मी धावतेय. पहिली फेरी नेहमीसारखी, दुसऱ्या फेरीत शेवटचं वळण घेतलं तरी रेघ येतच नाही. पाय थकले नव्हते, पण रेघ जिथे असायला हवी तिथे नव्हती, थोडी पुढे होती. मी चौथी आले. दोन मिनिटं तीस. तिसरीच्या दोन सेकंद मागे, आणि तीनच मुली राज्याला जाणार. परतीच्या गाडीला वेळ होता. अमरावतीच्या बस स्टँडवर बाकावर बसून तुम्ही स्टॉपवॉच पुन्हा एकदा तपासलंत. मग म्हणालात, "पाय तेच हायेत, घड्याळ तेच हाये. मंग कमी काय पडलं? हिंमत. तू ऐन टायमाले भेली, बेटा." आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मी घरी जाऊन रडले असते आणि विसरले असते. तुम्ही समजुतीने बोललात, म्हणून मी ते खरं मानलं.

घाबरल्याचं मला आठवत नव्हतं. पण तुम्ही म्हणालात म्हणजे घाबरलेच असणार असं धरून मी आठवायला लागले, आणि शोधलं की सापडतंच. पोटात गोळा आला होता की काय, हात गार पडले होते की काय. महिन्याभरात मला सगळं स्पष्ट आठवायला लागलं. मी मैदानावर जाणं सोडलं. पुढे पोलीस भरतीचा फॉर्म आणला आणि भरला नाही. ग्रंथपालाच्या परीक्षेला दोनदा बसायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा आदल्या आठवड्यात ताप आला. अजून मी मदतनीसच आहे. नवऱ्याला लग्नानंतर महिन्याभरातच सांगून टाकलं होतं की मी ऐन वेळी कच खाते, माझ्या भरवशावर काही ठेवू नका. तो बिचारा सज्जन, त्याने खरोखरच काही ठेवलं नाही.

आता मूळ गोष्ट. इतिहासासाठी मी फळ्यावरचे विक्रम उतरवून घेत होते. फळा आता मंडळाच्या खोलीत आहे. उतरवता उतरवता दिसलं की चारशे, आठशे, पंधराशे, पोरं काय आणि पोरी काय, सगळे विक्रम एका वर्षापर्यंतचे. माझ्या वर्षापर्यंतचे. त्यानंतर बत्तीस वर्षांत एकसुद्धा मोडलेला नाही. मी लिहायला घेतलं होतं, "हा मंडळाचा सुवर्णकाळ." कमिटीतले लोक हेच म्हणतात. जुनं खाणंपिणं वेगळं होतं, आताची पोरं मोबाईलवर. मी तसं अर्धं पान लिहिलंही. पण बत्तीस वर्षं म्हणजे फारच झाली, म्हणून तुमच्या दुकानात गेले. तुमचा मुलगा बसतो तिथे. शिवणं आता थोडं, चेन बदलणं आणि साड्यांना फॉल-पिको जास्त. त्याला विचारलं, त्या वर्षी असं काय झालं?

तो फॉल लावता लावता म्हणाला, "ताई, तुमाले ठाऊक नाई? मले वाटलं जुन्याइले समदं मालूम असन."

"काय मालूम?"

"मोजणीवाला आलता ना, मैदानाची हद्द मोजाले. अब्बा त्याले म्हणे, हातासरशी आमची फेरीबी मोजून दे. त्यानं टेप टाकला तं तीनशे सत्त्याऐंशी भरली. अब्बानं तीन डाव मोजाले लावलं. तीनी डाव तेच."

"मग?"

"मंग घरी आले, मशीनवर बसले, जेवले नाई. अम्मीनं विचारलं काहून जेवत नाई, तं म्हणे, दोर भिजून आटते. कोरा मोजला अन् ओला टाकला. गिऱ्हाइकाले सांगतो कापड भिजवून आना, अन् मीच अठरा वर्सं आटलेला दोर टाकून राह्यलो."

मी विचारलं, हे केव्हाचं? तो म्हणाला, "तुमी अमरावतीले गेलत्या ना, त्याच्यानंतर दोनेक महिन्यानं. तवापासून अब्बानं फेरी लोखंडी टेपानं आखली. फळ्याले हात लावाची मात्र हिंमत नाई झाली त्यायची."

फळ्याला हात लावायचा म्हणजे अठरा वर्षांतली सगळी नावं पुसायची. पोस्टमनचं, मुकादमाचं, शेलूबाजारच्या त्या दोघा भावांचं. मला कळतं ते. तुम्ही फेरी नीट केलीत आणि फळा तसाच ठेवलात. पुढची सगळी पोरं पुऱ्या चारशेवर धावली आणि तीनशे सत्त्याऐंशीच्या आकड्यांशी हरत राहिली.

दुकानातून मी चालत घरी आले. वाटलं होतं राग येईल. भाजी निवडली, कुकर लावला, शिट्ट्या मोजल्या. राग आला नाही. पाच सेकंद, मी हिशोब केला, तेरा आणि तेरा सव्वीस मीटर म्हणजे जवळजवळ पाच सेकंद. अमरावतीला मी नेहमीसारखीच धावले होते. राज्याला तशीही गेले नसते, चौथी ती चौथीच. फक्त भ्यायले नव्हते. हे कळल्यावर माणसाला काहीतरी व्हायला हवं, नाही का? अठ्ठेचाळीसाव्या वर्षी मला कळलं की मी भित्री नव्हते, आणि मी भाताला पाणी जास्त झालं का ते बघत होते. सुन्न म्हणतात ते हेच असावं. बधिर दातावर जीभ फिरवल्यासारखं, आपलंच असून आपलं नसलेलं.

मग ईद आठवली. त्याच वर्षीची, मोजणीनंतरची. ईदच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही शीरखुर्म्याचा डबा घेऊन आमच्या घरी आलात. कधी यायचा नाहीत. आई चुलीपुढे, मी कांदा चिरतेय, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसलात. आईने चहा दिला. तुम्ही बशीत ओतलात आणि तो तसाच निवू दिलात. मग मला म्हणालात, "येजो ना मैदानावर. काहून येत नाई?" मी मान वर न करता म्हटलं, "मले नाई जमत चाचा. मी भेते." कांद्यामुळे डोळ्यांतून पाणी येत होतं, तुम्हाला कदाचित ते वेगळं वाटलं असेल. तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलंत. आई म्हणाली, "राहू द्या भाऊ, पोरीची जात, किती दिवस पळन?" तुम्ही मान हलवलीत, गार चहा एका घोटात संपवलात आणि उठलात. डबा परत न्यायला विसरलात. तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं, चाचा. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. त्यानंतर दहा वर्षं तुम्ही याच गावात होतात. मी माझ्या पोरीचे फ्रॉक तुमच्याकडे शिवले. तुम्ही तिचं माप घ्यायचात आणि माझ्याकडे बघायचा नाहीत. मला वाटायचं, हरलेल्या पोरीकडे कशाला बघतील.

तुम्हाला माफ करावं की करू नये, यावर मी बराच विचार केला आणि माझ्या हाती काहीच लागलं नाही. दोन्हीतलं काहीच मनापासून वाटत नाही. इतिहासात हे लिहायला हवं एवढं मात्र पक्कं ठरवलं होतं, कारण सध्या मंडळात एक पोरगी आहे. केनवडची, इथे मामाकडे शिकायला राहते. आठशेच धावते. पुऱ्या आठशे मीटरला तिची वेळ दोन अठ्ठावीस, म्हणजे माझ्यापेक्षा दोन सेकंदांनी चांगली. पण फळ्यावर माझे दोन पंचवीस आहेत. रोज धावते आणि रोज तीन सेकंदांनी हरते. मंडळाचे आताचे सर तिला म्हणतात, जुन्या पोरीत जिगर होती. मी ऐकलंय ते माझ्या कानांनी.

परवा ती वाचनालयात आली. पुस्तक नको होतं तिला. घामाने ओली तशीच टेबलापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, एक विचारू काय? तुमी कशा धावल्या असान तवा? माया पायानं तं होऊनच नाई राह्यलं. मी भेते काय?"

एक वाक्य बोलायचं होतं. कागद माझ्यासमोरच होते, त्या वर्षाचं पान वर होतं. तिच्याकडे बघत मी म्हटलं, "सराव कर, बाई. तेवा आमी लय सराव करत होतो."

ती मान हलवून गेली. स्मरणिकेचा मजकूर काल छापायला दिला. त्यात सुवर्णकाळ तसाच आहे. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही आणि तुमच्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नाही, म्हणून सांगते. ती पोर माझ्याकडे बघून "तुमी कशा धावल्या असान" म्हणाली ना, तेव्हा मला बरं वाटलं, चाचा. इतक्या दिवसांत तेवढंच वाटलं.