हिरवी झाकणं

कासारवाडी, दसरा

प्रिय स्वरूपा,

तुझ्या वाट्याचं सोनं देवापाशी ठेवलंय. वाचायला अडणाऱ्या मुलांवरच्या तुझ्या संशोधनाची बातमी पेपरात आली, ती मी साऱ्या चाळीत मिरवली. शेजारच्या आक्काबाईंनी तर पुन्हा वाचायला लावली. अभिमान वाटतो गं. पण पुनावळ्याच्या, देहूरोडच्या शाळा पालथ्या घातल्यास आणि घरातली विजयश्री तुझ्या नजरेतून सुटली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

तू होस्टेलला होतीस. तुझी ही धाकटी बहीण धडे पाठ करून दहावी झाली. मी वाचायचे, ती घोकायची. अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर ठरतच नाहीत. रंग मात्र एकदा पाहिला की विसरत नाही, आणि चाकणच्या कंपनीत तिनं त्यावरच निभावलं. लाल झाकणाच्या पिंपातलं रसायन पिवळ्या झाकणाच्या पिंपातल्यात पडलं, तर विषारी वायू होतो म्हणे. ती कधी चुकली नाही.

काल खंडेनवमी. यंत्रांची पूजा म्हणून पोरींनी हौसेनं सगळं घासून रंगवलं. यंत्रं, कठडे, पिंपं, झाकणंसुद्धा, सगळं एकाच हिरव्या रंगात. पिंपांवरची नावं तेवढी पांढरी. ब्रश आपल्या विजूच्याही हातात होता. नको म्हणावं तर का ते सांगावं लागलं असतं. फोटोत नारळ धरून हसतेय. घरी आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. सुपरवायझर ज्योतीरामना सांग म्हटलं, तर म्हणाली, काढून टाकतील गं आई, कुणाशी बोललीस तर तुला माझी शपथ.

बोलायचं नाही म्हणाली, लिहायचं नाही असं नाही. म्हणून विलासभाऊंच्या हाती हे पत्र देतेय, ते टेम्पो घेऊन पुण्याला निघालेत. हातात पडताच ज्योतीरामना फोन कर, नंबर मागे लिहिलाय. उद्या सकाळी तिची शिफ्ट आहे. विजू मला म्हणते, घाबरू नकोस, मी वासावरून ओळखीन. मागच्या तापापासून मला तिच्या नाकाची शंका होती. मघाशी मी मुद्दाम फोडणी करपू दिली. ती माझ्याकडे पाठ करून भाजी निवडत होती. मला ठसका लागला, तेव्हा वळून विचारलं, काय झालं गं?

तुझीच,
आई