कारण : धूळ

प्रिय मिरे,

मंगळवारी तुझा फोन ठेवल्यापासून तुझ्यावर नुसता धुमसतोय, म्हणून आधी तुला चार शिव्या घालून घेतो, मग बाकीचं. म्हणे, "बाबा, या वयात तुम्ही तुरुंगात जायचं नाही. मी शनिवारी घरी जाते, तक्रार मागे घेते, म्हणजे थेशिकही तडजोडीच्या कागदावर सही करेल." घरी! ज्याने तुझ्या तीन बरगड्या मोडल्या त्याच्या बिऱ्हाडाला तू अजून घर म्हणतेस. अगं मूर्ख मुली, सदुसष्ट वर्षांचा म्हातारा आत गेला तर फार तर तुरुंगातला सोयाबीनचा भात खाईल. तू त्या दारातून आत गेलीस तर तुला बाहेर कोण काढणार? हे पत्र मी बायकांच्या निवाऱ्यातल्या सोबाईंच्या हाती देतोय. तू कुठल्या गावी आहेस ते त्या मला सांगत नाहीत, आणि बरोबरच करतात. फोनवरच बोललो असतो, पण तू मध्येच रडली असतीस आणि मी मध्येच ओरडलो असतो.

दुकान बंद आहे. माझ्या उजव्या हाताला अकरा टाके पडलेत, स्क्रू ड्रायव्हर धरता येत नाही, पेन कसंबसं धरतोय. शेजारच्या वायरवाल्या नामकाकू रोज डबा आणतात आणि वर ऐकवतात, "दोकसूदादा, मारायचंच होतं तर पाच वर्षं आधी मारायचंत, लग्नाच्या मांडवातच. फोटोग्राफरचे पैसे तरी वाचले असते." त्यांच्या जिभेला हाड नाही. पण थेशिकला माझ्या अंगाखालून ओढून काढणाऱ्यात त्याच पहिल्या होत्या. त्या नसत्या तर आज माझ्यावर खुनाचा खटला असता, मारामारीचा नव्हे.

आता तुझ्या त्या लॅपटॉपबद्दल बोलायला हवं. तो तीनदा माझ्याकडे आला हे तुला ठाऊक आहे. तीनदा मी काय पाहिलं हे तुला ठाऊक नाही.

पहिल्यांदा आला तो गेल्या वर्षी मार्चमध्ये. तू शाळेच्या पुस्तकांची चित्रं त्याच्यावर काढायचीस, आणि अर्ध्या तासात तो इतका तापायचा की आपोआप बंद पडायचा. थेशिक स्वतः घेऊन आला, बरोबर नाशपातींची पेटी. "बाबा, मिरेला सर्दी झालीय, म्हणून मीच आलो." जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण मी आपला खूश. बार्लीचा चहा ओतून दिला, माझी खुर्ची दिली आणि लॅपटॉप उघडला. सहा वर्षांचं जुनं यंत्र तापतं त्याची कारणं मला पाठ आहेत. पंख्यात धूळ भरते, नाहीतर मेंदूच्या चिपवरची पेस्ट वाळून खडूसारखी होते. पंखा काढून ब्रशने झाडावा, जुनी पेस्ट स्पिरिटने पुसावी, नवी मुगाच्या दाण्याएवढी लावावी, झालं. तुझ्या पंख्यात धूळ होतीच, पण चिमूटभर. खोट दुसरीकडेच होती. चिपची उष्णता पंख्याकडे नेणारी तांब्याची चपटी नळी मधोमध चेपून बंद झाली होती. नळी चेपली की उष्णता पुढे जात नाही, जागच्या जागी साचते.

हातातून पडलेला लॅपटॉप कोपऱ्यावर पडतो, आणि चेपतो तो कोपरा. तुझ्या लॅपटॉपचे चारही कोपरे धड होते. पाठ वाकली होती, बरोबर मधे. पाठ अशी वाकते ती एकाच प्रकारे. मिटलेलं यंत्र दोन्ही हातांत धरून कुठल्यातरी गोल आणि टणक वस्तूवर पूर्ण ताकदीनं हाणल्यावर. खांदा असेल, गुडघा असेल, डोकं असेल. मिरे, हे मला त्याच दिवशी कळलं. नळी हातात धरल्या धरल्या कळलं. आणि समोर तो माझ्या खुर्चीवर बसून चहावर फुंकर मारत होता.

आपल्या दुकानाची चिठ्ठी तुला माहीत आहे. लक्षण, कारण, उपाय, असे तीन रकाने, खाली माझा शिक्का. काढलेला खराब भाग छोट्या पिशवीत घालायचा, चिठ्ठी टाचायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. आमच्या गल्लीतल्या जुन्या कारागिरांची ही रीत. पोटच्या पोरीचं काम असलं तरी चिठ्ठीशिवाय वस्तू दुकानाबाहेर जात नाही, याचा मला केवढा ताठा! त्या दिवशी 'कारण'च्या रकान्यात मी लिहिलं, 'धूळ'. शिक्का मारला. चेपलेली नळी पिशवीत घातली आणि त्याच्या हातात ठेवली. त्याने पिशवी उजेडात धरून पाहिली, मग चिठ्ठी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. "उपकार झाले, बाबा," म्हणाला. त्याला समजलं. म्हाताऱ्याने पाहिलंय आणि म्हातारा बोलणार नाही, एवढं त्या पिशवीने त्याला सांगितलं. मी त्याला परवानाच दिला, शिक्का मारून.

सहा महिन्यांनी चूसकच्या, सुगीच्या सणाआधी तो पुन्हा आला. पुन्हा नाशपाती, पुन्हा तुझी सर्दी. या वेळी सगळा सांगाडाच पिळवटला होता आणि तांब्याची पट्टी चिपवरून कागदाच्या जाडीएवढी उचलली गेली होती. मी सांगाडा सरळ केला, पट्टी बसवली आणि लिहिलं, 'धूळ, पेस्ट वाळलेली'. संध्याकाळी तुला फोन केला होता, आठवतं? विचारलं, पडलीस-बिडलीस का कुठे? तू म्हणालीस, "न्हाणीघरात घसरले, बाबा." मी म्हणालो, जपून चालत जा. वर हेही म्हणालो की संसारात भांड्याला भांडं लागतंच. मेल्या तोंडाने म्हणालो. त्यापेक्षा मुका असतो तर बरं झालं असतं.

तिसऱ्यांदा हा सप्टेंबर. थेशिक म्हणाला, पंखा खरखरतोय आणि तापून हात भाजतो. भरदुपार होती, गल्लीत माणसांची ये-जा चालू होती. मी मागचं झाकण काढलं. पंख्याच्या आसाभोवती केस गुंडाळले होते. तुझे. लांब, आणि टोकाला कातडीचा तुकडा चिकटलेला. बाजूच्या तांब्याच्या जाळीत रक्त वाळून काळं पडलं होतं. मी चिमटा घेऊन एकेक केस सोडवायला लागलो, कारण माझ्या हातांना दुसरं काही येतच नाही. तो काउंटरवर रेलून मोबाईल चाळत होता. मान वर न करता म्हणाला, "जरा लवकर आटपा, बाबा. तुमची लेक घरी बसून डोकं खाते हो, काम नसलं की."

बाकावर लोखंडी डब्याचा जुना पॉवर सप्लाय असतो, तीन किलोचा. तो उचलून मी त्याच्या तोंडावर हाणला. नाक फुटल्याचा आवाज झाला. दोन दात काउंटरवर पडले. तो खाली कोसळला तसा मी काउंटरवरून उडी मारली, छातीवर बसलो आणि आणखी हाणला, जबड्यावर, कानावर, जिथे लागेल तिथे. त्याने हात आडवा घातला. मी तो हात ओढून खालच्या फळीवरच्या, बोर्ड गरम करायच्या तापल्या तव्यावर दाबून धरला. कातडी चरचरली. तो आईला हाका मारत होता. काचेचं कपाट फुटलं आणि माझा हात फाटला तो तेव्हाच. नामकाकूंनी मागून माझी मान धरली, कॅमेऱ्याच्या दुकानातल्या दोघांनी पाय धरले. काकू कानाशी ओरडत होत्या, "सोडा त्याला! पोरगी कुठंय ते आधी बघा!" तेव्हा भान आलं. तसाच रक्ताळलेला टॅक्सीत बसलो, तुझ्याकडे आलो, कुलूपवाल्याकडून दार उघडवलं आणि कपाटामागे तू सापडलीस. पुढचं तुला ठाऊक आहे.

पण एक सांगायचं राहिलं. त्याला मारताना मला बरं वाटत होतं. तुझ्यासाठी मारतोय म्हणून नाही, नुसतंच बरं. हात सैल सुटतो, डोक्यात गारवा पसरतो, समोरचं माणूस लहान लहान होत जातं. ते बरं वाटणं माझ्या ओळखीचं होतं.

आता थेशिकच्या वकिलाने माझ्या दोन्ही चिठ्ठ्या पोलिसांकडे दिल्यात. त्याचं म्हणणं, बायकोला कधी बोट लावलं नाही, ती न्हाणीघरात पडली, लॅपटॉप नुसता जुना झाला होता. हे पाहा, सासऱ्याच्याच हातचं, शिक्क्यासकट, 'कारण : धूळ'. सासराच डोक्याने फिरलाय. चौकीतल्या पोलीसबाईंनी चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवल्या. "काका, अक्षर तुमचंच ना?" म्हटलं, माझंच. "मग तेव्हा खोटं का लिहिलंत? आणि पडलेला नव्हता, मारलेला होता, हे इतक्या खात्रीने कसं सांगता?" मी एक दिवसाची मुदत मागितली. मग रिकाम्या दुकानात बसून राहिलो.

मिरे, तुझ्या आईला डाव्या कानाने ऐकू यायचं नाही. लहानपणी कान फुटला होता, असं आम्ही तुला सांगितलं. तो मी फोडला. तू तीन वर्षांची होतीस आणि आतल्या खोलीत झोपली होतीस. एका गिऱ्हाइकाचा कॅसेट रेकॉर्डर होता. जेवण गार होतं की ती उलटून बोलली, कारणसुद्धा आठवत नाही, इतकं ते क्षुल्लक असणार. दोन्ही हातांत धरून हाणला. रेकॉर्डरची पाठ मधोमध वाकली. दुसऱ्या दिवशी मी तो सरळ केला आणि गिऱ्हाइकाला चिठ्ठी दिली, 'खाली पडला'. ती काही पहिली वेळ नव्हती आणि शेवटचीही नाही. चार वर्षं चाललं. एकदा ती तुला घेऊन माहेरी गेली, तर मी आणायला गेलो. तुझ्या आजोबांनी कानाला पट्टी बांधलेली लेक रोज पाहिली होती. त्यांनी जावई आला म्हणून कोंबडी कापली, तंगडी माझ्या वाडग्यात वाढली आणि तिला माझ्याबरोबर पाठवून दिलं.

मी सुधारलो असं समजू नकोस. एका सकाळी ओकबूनने, तुझ्या आईने, मुळा चिरायची सुरी माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "आता एकदा हात उचललास, तर नंतर कधीतरी तू झोपशीलच ना." मी भ्यालो, म्हणून थांबलो. पुढे वीस-बावीस वर्षं तू ज्या शांत बाबांच्या हातचं खाऊन मोठी झालीस, तो एक भ्यालेला माणूस होता. साखरपुड्याला तू पाहुण्यांना सांगत होतीस, बाबांसारखा शांत आहे थेशिक, आवाज चढवत नाही. तुझ्या आईने तेव्हा माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मरेपर्यंत तुला काही बोलली नाही. का, ते मला माहीत नाही. माझी लाज राखण्यासाठी नक्कीच नाही, तुझा बाप राखण्यासाठी असेल.

आज सकाळी चौकीत जाऊन जबानी दिली. दोन्ही चिठ्ठ्या खोट्या, दोन्ही वेळा मला कळलं होतं, आणि कसं कळलं तेही. गप्प का बसलो तेही सांगितलं. त्याचं पाप लिहिलं असतं तर त्याच हाताने माझंही लिहावं लागलं असतं. बाईंनी सगळं टाइप केलं आणि वाचून दाखवलं, मी सही करून अंगठा उमटवला. थेशिकला मारलं त्याचा गुन्हाही कबूल केला आणि तडजोड नको म्हणून लेखी दिलं. तेव्हा तू परत गेलीस तरी माझी शिक्षा चुकत नाही, हे नीट समजून घे. पुढच्या महिन्यात ही जबानी कोर्टात मोठ्याने वाचली जाईल आणि तू समोर बसलेली असशील. आईच्या कानाचं परक्या वकिलाच्या तोंडून तुला कळू नये, म्हणून हे पत्र. आणि शनिवारच्या आत, कारण ज्या बापाला वाचवायला तू निघालीस तो बाप तुला कधी नव्हताच. माफी मागत नाही. जिच्याकडे मागायची ती गेली, आणि तुझ्याकडे मागितली तर तू द्यायचीस, तुझा स्वभावच तसा. या पत्रावर फोन करू नकोस, कोर्टात माझ्याकडे पाहूही नकोस. फक्त शनिवारी संध्याकाळी सोबाईंना एवढंच कळवायला सांग, की मिरे गेली नाही.

तुझाच, तुला नको असलो तरी,
बाबा