ब्रेक नसलेली मालिका

मंगळवार, संध्याकाळ. अकोला.

केबल काढून महिना झाला. पैसे वाचतील म्हणून मीच हट्ट धरला. तीन ॲप घेतल्यावर काय वाचलं, देव जाणे. पण खुपतंय ते वेगळंच. मोर्शीहून आईचा फोन यायचा तो मालिकेच्या ब्रेकमध्ये. आपापल्या घरी दोघी तीच मालिका बघायचो, ब्रेक लागला की त्यातल्या सासूला शिव्या घालायचो. आमच्याकडे आता जाहिराती नाहीत, हे मीच तिला तोऱ्यात सांगितलं. पंधरा दिवस फोन नाही, आणि मला आज आठवलं! मीच लावला.

"काहून वो आई, फोन नाई करून राहिली?"

"तुयाकडे ब्रेकच नसते ना आता. मधातच कायले तरास देऊ?"

तिच्या मागे साबणाची जाहिरात चालू होती.