सतरा नंबरची नळी

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

इस्लामपूरची स्नेहल आज कॉलेजात आली होती. माझीच जुनी विद्यार्थिनी, आता उसाच्या मातीतल्या जिवाणूंवर पीएच.डी. करते. तिला आमच्या प्रयोगशाळेतली सतरा नंबरची जिवाणूंची नळी हवी आहे. आमच्या निवृत्त सरांनीच धाडलंय तिला. "मी शोधलेला जिवाणू मॅडमनी अजून जिवंत ठेवलाय," असं म्हणाले म्हणे.

कुठला ठेवलाय? दोन वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात मी म्हसवडला अडकले, जिवाणू जगवायला दर महिन्याला नव्या नळ्यांत उतरवावे लागतात, ते तीन महिने राहिलं. बाकीचे तगले, सतरा नंबर मेला. मी कॉलेजमागच्या मातीतून तसाच दिसणारा एक काढला आणि त्याला सरांचं लेबल लावलं. प्रात्यक्षिकापुरता चालेल, मुलांना काय कळतंय, असं वाटलं होतं. आता त्यावर स्नेहलची सगळी पीएच.डी. उभी राहणार. दिला तर तिची वाट लागणार. खरं सांगावं तर सरांना कुठल्या तोंडाने भेटू? तेव्हाच का नाही बोलले मी?

"आवं म्याडम, नळी हाय न्हवं फ्रिजात? मग द्या की पोरीला," आमचे शिपाई मारुतीमामा म्हणाले. मी तिला सोमवारी ये म्हटलं.

ती गेल्यावर, महिना भरला होता म्हणून, सगळे जिवाणू नव्या नळ्यांत उतरवले. सतरा नंबरसुद्धा. हात जरासुद्धा अडखळला नाही. नळीवर सरांचं नाव लिहिलं, खाली आजची तारीख घातली.

तारीख तेवढी खरी आहे.