दोन जणांची डिंगी

१२ जानेवारी, रविवार
घेतली एकदाची डिंगी! शिडाची छोटी होडी. निळी, फायबरची, सेकंडहँड. विकणारा नाशिकचा, माणूस सरळ होता. म्हणाला, "काका, एकटे असाल तर ती छोटी घ्या. ही एकट्याला आवरत नाही." मी म्हटलं, मुलगा आहे की. पुण्याला असतो, येईल.
विश्वजीतला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

१९ जानेवारी
परवानगीचा कागद मिळाला. डिंगी नाथसागरच्या काठाला, कडूबाच्या छपराशेजारी ठेवलीय. कडूबा तिथेच मासे धरतो. त्याने डिंगीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "इंजन नाय? मग जाती कशानं?" वाऱ्यानं, म्हटलं. "आन् माघारी येती कशानं?"
हे मला घरी येऊन व्हिडिओत बघावं लागलं.

२ फेब्रुवारी
विश्वजीत आज येणार होता. सुट्टी नाही म्हणे. मागच्या वेळी ऑडिट, त्याआधी पाठ धरली होती. सरळ सांग ना बाबा, बापाबरोबर एक दिवस काढायचा नाही म्हणून!
त्याची आई, दिपाली, असती तर तिने खरं काय ते काढून घेतलं असतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली आणि आम्ही बापलेक अजून "जेवलात का"च्या पुढे सरकलो नाही. त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट दाराच्या खुंटीला टांगलंय. येता-जाता वाटतं, कुणीतरी आलंय.

३ फेब्रुवारी
फोन नाही. मीही केला नाही.

१६ फेब्रुवारी
शेवटी एकटाच गेलो. त्याच्या जागी वजन हवं म्हणून पाण्याचे दोन कॅन ठेवले. पहिला अर्धा तास काय सांगू — आवाज नाही, धूर नाही, शिडात वारा भरतो आणि आपण सरकत जातो. "बघितलंस?" म्हणून बाजूला वळलो. कॅनच होते. फार एकटं वाटलं.
मग गाढवपणा केला. शिडाचा दोर धरून हात भरून आले, म्हणून तो फळीला बांधून टाकला. गाठ आमच्या गावच्या, पाचोडच्या गोठ्यातली, ओढाल तेवढी आवळणारी. आमच्या घरात सैल दावं म्हणजे गेलेलं जनावर, हेच लहानपणापासून ऐकलेलं. वाऱ्याचा झोत आला, दोर सैल सोडायचा तर गाठ सुटेना, डिंगी आडवी झाली आणि मी पाण्यात. जॅकेट होतं म्हणून वाचलो. कडूबाने थर्माकोलच्या तराफ्यावर ओढून घेतलं.
"साहेब, बैल बांधत्यात. वारं बांधत्यात व्हय?"
नंतर अंगावर घोंगडी टाकत म्हणाला, "घरी कोन हाय तुमच्या? नंबर सांगा." विश्वजीतचा सांगितला. दुसरा कुणाचा सांगणार?

१७ फेब्रुवारी
सकाळीच विश्वजीत आला. रात्रभर बसमध्ये होता. डिंगी दाखवायला नेलं तर वर रस्त्यावरच थांबला, पुढे येईना. 
"पप्पा, मी सात वर्षांचा होतो. पोहायला शिकवायचं म्हणून तुम्ही मला पाचोडच्या विहिरीत ढकललं. मी दोनदा खाली गेलो, तुम्ही वर हसत होता. तेव्हापासून मला पाण्याजवळ उभं राहवत नाही. आईला माहीत होतं."
मला तो दिवस चांगला आठवतो. पोरगं पोहायला शिकलं म्हणून मी गल्लीत पेढे वाटले होते.