कपाटातली हत्यारं

प्रिय कारागीर,

या नावानं तू चिडायचास, पण चार वर्षांनी दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारावी ते सुचेना. मी बरी आहे. अजून चष्म्याच्या त्याच दुकानात. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावते आणि घरी आले की कुणाचा तरी आवाज हवा म्हणून रेडिओ लावते. माझी आई गेली, हे तुला कुणी कळवलं का? शेवटी शेवटी तिला काही आठवत नसे, तुझी चौकशी मात्र करायची. मी सांगायचे, कामावर गेलाय.

घरमालक खोल्या विकतोय. महिनाअखेर निघायचंय. नवी जागा एकाच खोलीची, तिथं तुझं कपाट मावणार नाही. म्हणून परवा वकीलबाईंकडे गेले. यादीच नेली होती: व्हायोलिन दुरुस्तीची हत्यारं, लाकडाच्या पट्ट्या, पोट उघडून ठेवलेलं ते व्हायोलिन, तुझा जाड कोट. विचारलं, माणूस निघून गेला, आता हे माझं की त्याचं? त्या म्हणाल्या, नुसतं मागं राहिलं म्हणून तुमचं होत नाही, तुम्ही फक्त सांभाळताय. त्यानं हक्कच सोडला असेल तर गोष्ट वेगळी. मग कागदावरून मान वर करून विचारलं, त्यानं कधी मागितलं होतं का?

मी नाही म्हणाले. मग सोपं आहे, म्हणाल्या. पत्र धाडा, मुदत द्या, उत्तर आलं नाही तर पुढचं मी बघते. मजकूरही त्यांनीच लिहून दिला.

तू मागितलं होतंस. गेल्यावर तिसऱ्याच महिन्यात. हत्यारांवाचून काम अडलंय, न्यायला कधी येऊ, एवढंच. आणि मी कळवलं, भंगारात दिली. ते खोटं होतं, कपाटात सगळं जागच्या जागी होतं. ते तू नेलं असतंस तर या घरात तुझं काहीच उरलं नसतं. तुझे हात किती दिवस रिकामे राहिले, हे मी स्वतःला कधी विचारू दिलं नाही. वकीलबाईंच्या मजकुरात हे कुठं घालावं ते कळेना, म्हणून हे पत्र. सगळं तुझंच आहे, घेऊन जा. किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवते. रविवारी मी घरी असते. मला भेटायचं नसेल तर दुसऱ्या कुठल्याही दिवशी ये.

तुझीच,
चष्मेवाली