कोंबडीचा कान

३ फेब्रुवारी

बाबा,

नमस्कार. जेवते वेळेवर, झोपते पुरेशी, आणि खोकला गेला. तुमचे नेहमीचे तीन प्रश्न पहिल्याच ओळीत निकालात काढले, म्हणजे आता निवांत लिहिता येईल.

आमच्या प्रयोगशाळेत या आठवड्यात पाणी तुंबलं होतं. प्लंबर आला, काम केलं, आणि जाताना उंदरांच्या पिंजऱ्यांकडे बघून म्हणाला, "यांची बडदास्त माझ्या पोरांपेक्षा बरी आहे." खोटं नाही.

तुम्ही विचारलंत, बहिरेपणावरचं औषध कुठवर आलं. आधी कानाच्या आत काय असतं ते सांगते, कारण चष्म्याच्या दुकानात बसून तुम्ही गिऱ्हाइकांना काय सांगता ते दादाने मला कळवलंय, आणि त्यातलं निम्मं चुकीचं आहे.

कानाच्या अगदी आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात पेशींच्या रांगा. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर बारीक तंतूंचा झुबका, म्हणून त्यांना केसपेशी म्हणतात. डोक्यावरच्या केसांशी त्यांचं नातं नाही, तेव्हा तेलाची चौकशी थांबवा. झुबक्यातले तंतू उंचीप्रमाणे उभे असतात, शाळेच्या फोटोतल्या मुलांसारखे. प्रत्येकाचं टोक शेजारच्या उंच तंतूला धाग्याने बांधलेलं. आवाज आला की नळीतलं पाणी हलतं, झुबका कलतो, धागा ताणला जातो आणि पेशीचं एक दार उघडतं. दार उघडलं की पेशी मज्जातंतूला खबर देते. "इकडे ये" एवढं ऐकू यायला हा सगळा खटाटोप. दादाच्या लेकीच्या, आपल्या भिंगरीच्या कानात या पेशी जवळजवळ नाहीतच.

त्या आईच्या पोटातच तयार होतात. सुरुवातीला सगळ्या सारख्या असतात. मग त्यातली एक पुढे सरसावते आणि शेजारणींना बजावते, केसपेशी मी होणार, तुम्ही मला आधार द्यायचा. शेजारणी मुकाट्याने मान्य करतात. आपल्या घरात हे जमलं नसतं.

गंमत कोंबडीची आहे. तिच्या केसपेशी मेल्या तर याच आधार देणाऱ्या शेजारणी कामाला लागतात, नव्या केसपेशी तयार होतात, आणि काही आठवड्यांत तिला पुन्हा ऐकू येतं. मी स्वतः पाहिलंय. ठार बहिरी झालेली कोंबडी एका सकाळी दाराच्या आवाजाला मान वळवते. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी कुणाशी धड बोललेसुद्धा नाही.

आता हेच उंदरांमध्ये घडवायचा प्रयत्न आहे. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांमध्ये काही नव्या पेशी दिसल्या आहेत. काम चांगलं चाललंय.

भिंगरीला माझा पापा.

तुमची धाकटी


२६ फेब्रुवारी

बाबा,

नमस्कार. तब्येतीचं राहू दे.

काल वहिनीचा फोन आला. भिंगरीच्या कानात ऐकायचं यंत्र बसवायच्या ऑपरेशनची ठरलेली तारीख तुम्ही सोडून दिलीत, हे मला तिच्याकडून कळलं. माझं पत्र तुम्ही सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलंत आणि म्हणालात, "माझी लेक औषध काढतेय. मग पोरीच्या डोक्याला भोक कशाला पाडायचं?" दादाने होकार दिला असणार. तुमच्यापुढे त्याचं तोंड कधी उघडलंय?

वहिनी रडली नाही, भांडली नाही. तिने फक्त विचारलं, "कधी येणार औषध ते तू सांग. बाबा म्हणतात वर्षभरात. तू हो म्हणालीस तर मी थांबेन. पण ती हल्ली आवाज काढत नाही गं. आधी एकटीच बसून बा-बा, मा-मा करायची. आता नुसतं तोंड हलतं."

मी "बाबांना लिहिते" म्हणाले आणि वेळ मारून नेली.

तर लिहिते. मागच्या पत्रात एक शब्दही खोटा नव्हता. फक्त मी कोंबडी आणि उंदरांवर थांबले, माणसापर्यंत आलेच नाही. माणसाच्या केसपेशी गेल्या की गेल्या. आपल्या कानातल्या शेजारणी नुसत्या बघत उभ्या राहतात. पिल्लांमध्ये नव्या पेशी दिसल्या खऱ्या, पण त्यांचे झुबके वेडेवाकडे आहेत आणि मज्जातंतूशी त्यांची गाठ पडलेली नाही. त्या उगवतात, पण ऐकत नाहीत. मोठ्या उंदरांमध्ये तर तेवढंही नाही.

औषध वर्षभरात येणार नाही. दहा वर्षांत येईल असंही मी कुणाला लिहून देणार नाही. माझ्या हयातीत कदाचित येणारच नाही.

हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण पेपरात माझा फोटो आल्यापासून तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी तो दाखवता आणि मग चष्मा. तुमची छाती अशी फुगलेली मी याआधी पाहिली नव्हती. ती माझ्या हाताने खाली आणायची मला भीती वाटली. बाकी काही कारण नाही.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आलेले ते आईवडील आठवा. वय वाढलं की डोळा आपोआप सुधारेल असं त्यांना कुणी तरी सांगितलं होतं, म्हणून ते थांबले होते. तुम्ही अगदी बरोबर नंबरची काच बसवलीत, तरी त्या डोळ्याने तिला तक्त्यावरची सगळ्यात मोठी अक्षरंही वाचता आली नाहीत. बाप चिडून काच बदला म्हणाला. तेव्हा तुम्ही म्हणालात, "काचेत खोट नाही. मेंदूने या डोळ्याचा नाद सोडलाय. लहानपणी आणली असती तर." त्या दिवशी तुम्ही दुकान लवकर बंद केलंत.

कानाचं तसंच आहे. यंत्राची तार त्या नसलेल्या पेशींना वळसा घालून थेट मज्जातंतूला खबर देते. पण खबर घ्यायला मेंदूत कुणी तरी हवं. दीड वर्षाच्या मुलीत ते अजून आहे. आपण थांबलो तर ती जागा दुसऱ्या कामाला जाईल, आणि मग यंत्र कितीही चांगलं असलं तरी बोललेलं तिला उमगणार नाही.

तुमचा मुद्दा मी खोडत नाही. तार आत गेली की कानात उरलंसुरलं जे काही आहे तेही मरू शकतं. पुढेमागे औषध आलंच, तर तिच्या कानाला ते बहुधा लागू पडणार नाही. डॉक्टर हेच म्हणाले आणि ते बरोबर आहेत. म्हणजे माझ्या कामाचा माझ्याच भाचीला कधी उपयोग होणार नाही अशी व्यवस्था करा, असं मी तुम्हाला सांगतेय. हे लिहिताना मला फार वाईट वाटतंय. तरी करा.

पत्र मिळाल्यावर डॉक्टरांना फोन करा. दादाला सांगू नका, तुम्हीच करा, आणि मिळेल ती तारीख घ्या. मग वहिनीला तुमच्या तोंडून सांगा. ऑपरेशननंतर यंत्र पहिल्यांदा सुरू करतात तेव्हा मुलं बहुतेक दचकून रडतात. त्या वेळी तुम्ही भिंगरीच्या समोर बसा आणि काहीही बोला.

औषधाची वाट बघणं ही माझी नोकरी आहे, बाबा. तिची नाही.

औषध न सापडलेली,
तुमची धाकटी